दोन देशांच्या सरासऱ्यांतील फरक म्हणजे संस्कृतीचा पुरावा नव्हे: मानसशास्त्रीय संशोधन प्रसिद्ध करू पाहणाऱ्यांसाठी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत पीएच.डी. करणाऱ्या एका संशोधिकेने येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आणि अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची प्रश्नावलीच्या साहाय्याने तुलना केली. शिक्षण, नोकरी, लग्न अशा निर्णयांत कुटुंबाच्या मताला किती स्थान दिले जाते, हा तिचा विषय आहे. मुंबईच्या विद्यार्थ्यांची सरासरी अपेक्षेप्रमाणे जास्त आली आणि फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी असलेला, ठरला. तरीही एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या संपादकांनी निबंध समीक्षकांकडे न पाठवताच परत केला. फरक दाखवला आहे, पण तो कशामुळे पडतो हे दाखवलेले नाही, एवढेच कारण त्यांनी दिले. निबंध भारतातून गेला म्हणून असे झाले का, आणि नसेल तर अशा विषयावरचे काम प्रसिद्ध होण्यासाठी काय करावे लागते, असे तिने विचारले आहे.

या क्षेत्रात मी अनेक वर्षे संशोधन आणि अध्यापन करत आलो आहे आणि नियतकालिकांसाठी समीक्षणाचे कामही नियमितपणे करतो. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

तुमच्या शंकेला आधार नाही असे नाही. जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा नियतकालिकांतील २००३ ते २००७ या काळातील निबंध तपासून २००८ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार तेथील नमुन्यांपैकी (म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या लोकांच्या गटांपैकी) ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले आणि ६८ टक्के एकट्या अमेरिकेतले होते. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी असे दाखवून दिले की, ज्या समाजांतील लोकांवरून आपण सगळ्या मानवजातीबद्दल विधाने करतो ते समाज अनेक बाबतींत उरलेल्या जगाहून वेगळे, किंबहुना टोकाचे आहेत. २०२० मध्ये बॉबी चिऑन, आयरीन मेलानी आणि यिंग-यी हाँग यांनी निबंधांच्या शीर्षकांचा अभ्यास केला. अमेरिकी नमुन्यावरच्या निबंधाच्या शीर्षकात देशाचे नाव क्वचितच येते, इतर देशांतल्या नमुन्यांच्या बाबतीत मात्र ते अधिक वेळा येते, असे त्यांना आढळले. म्हणजे एकाचे निष्कर्ष ‘माणसाबद्दलचे’ ठरतात आणि दुसऱ्याचे ‘त्या देशातल्या माणसांबद्दलचे’. हा अन्याय खरा आहे आणि त्याविरुद्ध बोलत राहणे आवश्यक आहे.

परंतु तुमचा निबंध त्या कारणाने परत आला असे मला वाटत नाही. तुम्ही उद्धृत केलेले कारण शास्त्रीय आहे आणि मी समीक्षक असतो तर मीही तेच लिहिले असते. दोन देशांतल्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली देणे आणि सरासऱ्यांतल्या फरकाला ‘समूहवादी’ व ‘व्यक्तिवादी’ संस्कृती ही नावे देणे, या पद्धतीचे निबंध गेल्या तीन-चार दशकांत इतके आले आहेत की, आता बहुतेक चांगल्या नियतकालिकांना त्यातून नवे काही कळते असे वाटत नाही. भारतातून आलेली माहिती त्यांना हवीच असते. पण ती कशाचे स्पष्टीकरण देते, हा प्रश्न ते आधी विचारतात.

अडचण कोठे आहे ते पाहू. तुमचे मुंबईचे विद्यार्थी आणि अमेरिकेतले विद्यार्थी यांच्यात ‘संस्कृती’ सोडूनही पुष्कळ फरक आहेत. मुंबईचा विद्यार्थी बहुधा आईवडिलांच्या घरी राहतो, कारण वसतिगृहाचे किंवा भाड्याच्या खोलीचे पैसे त्याला परवडत नाहीत. अमेरिकी विद्यार्थी अनेकदा अठराव्या वर्षी घर सोडतो आणि शुल्कासाठी स्वतः कर्ज काढतो. एकाच्या घरात वीस वर्षांच्या मुलाला स्वतंत्र खोली असते आणि दुसऱ्याच्या घरात अभ्यासाचे टेबलही भावंडांत वाटलेले असते. उत्पन्न, शिक्षणाचे माध्यम, प्रश्नावली भरण्याची सवय, शिक्षकासमोर उत्तर देतानाचा संकोच हे सगळे वेगळे असते. तुम्ही मोजलेला फरक यांपैकी कशाचाही असू शकतो. बिअ‍ॅट्रिस व्हाइटिंग यांनी १९७६ मध्येच हा मुद्दा मांडला होता. संस्कृती, वर्ग, लिंग यांसारखी नावे म्हणजे बंद गाठोडी आहेत; ती सोडून आतला नेमका कोणता अनुभव वर्तनावर परिणाम करतो हे दाखवल्याखेरीज स्पष्टीकरण पूर्ण होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संपादकांनी तुम्हाला जे कळवले ते याच मुद्द्याचे संक्षिप्त रूप आहे.

देशांची तुलना करूच नये असा याचा अर्थ नाही. भारतात झालेल्या एका कामावरून ती कशी करावी हे शिकता येते. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांना ओळखीच्या व्यक्तींनी केलेल्या चांगल्या आणि वाईट कृत्यांचे प्रसंग सांगायला लावले आणि ती व्यक्ती तशी का वागली असावी हे विचारले. अमेरिकी प्रौढ लोक स्वभावाकडे जास्त बोट दाखवत होते, तर म्हैसूरचे प्रौढ लोक परिस्थितीकडे आणि नात्यांतल्या जबाबदाऱ्यांकडे. मिलर येथेच थांबल्या असत्या तर आज तो निबंध कोणाच्या लक्षात राहिला नसता. त्यांनी प्रौढांबरोबर ८, ११ आणि १५ वर्षे वयाची मुलेही घेतली आणि लहान मुलांत हा फरक फारसा नसून तो वयाबरोबर वाढत जातो हे दाखवले. त्यामुळे तो जन्मजात किंवा केवळ बौद्धिक कुवतीचा आहे असे म्हणण्याला जागा उरली नाही. म्हैसूरमध्येच वेगळ्या आर्थिक स्तरातला एक गट आणि अँग्लो-इंडियन समाजातला एक गट घेऊन त्यांनी पैसा आणि आधुनिक राहणी ही पर्यायी कारणे तपासली. इतकेच नव्हे, तर भारतीयांनी सांगितलेले प्रसंग अमेरिकी लोकांना देऊन त्यांची कारणेही विचारली, म्हणजे फरक प्रसंगांत आहे की विचार करण्याच्या रीतीत, हे वेगळे करता यावे. प्रत्येक शंकेसाठी आराखड्यातच एक गट किंवा एक कसोटी त्यांनी ठेवली होती. चाळीस वर्षे उलटूनही हा निबंध शिकवला जातो तो यामुळे. निष्कर्ष पटो वा न पटो, पुढच्या संशोधकाला त्याच्याशी वाद घालता येतो.

तुमच्या विषयापुरते आणखी एक काम लक्षात ठेवा. विव्हियन व्हिग्नोल्स आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३३ देशांतल्या ५५ सांस्कृतिक गटांची माहिती मांडली. ‘पूर्व विरुद्ध पश्चिम’ किंवा ‘स्वतंत्र विरुद्ध परस्परावलंबी’ अशी एकच रेघ त्यांना पुरेशी वाटली नाही. स्वतःकडे पाहण्याच्या सात वेगवेगळ्या मिती त्यांनी मांडल्या आणि निर्णय स्वतःच्या बळावर घेणे की इतरांचा प्रभाव स्वीकारणे, ही त्यांतली एक मिती आहे. एखादा समाज या एका मितीवर एका टोकाला आणि दुसऱ्या मितीवर विरुद्ध टोकाला असू शकतो. म्हणून तुमच्या प्रस्तावनेत ‘भारत हा समूहवादी देश आहे’ हे पहिले वाक्य असेल, तर ते काढून टाका. त्या वाक्याने जाणकार समीक्षक सावध होतो आणि पुढचे सारे काम त्याच संशयाने वाचतो. ‘निवड’ ही कल्पनाच दोन्हीकडे सारखी आहे का, हाही तुमच्या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. कृष्णा सावनी, हेझेल मार्कस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की, अमेरिकी लोक आपल्या आणि इतरांच्या कृतींकडे ‘निवड’ म्हणून पाहण्याचे प्रमाण भारतीयांपेक्षा जास्त आहे. हे खरे असेल, तर तुमच्या प्रश्नावलीतला ‘निर्णय’ दोन्ही गटांना एकच गोष्ट वाटतो हे तुम्ही गृहीत धरू शकत नाही.

आता मुंबईकडे वळतो, कारण मुंबईत राहणाऱ्या संशोधकाला अमेरिकी नमुन्याची गरज जितकी वाटते तितकी प्रत्यक्षात नसते, असे माझे ठाम मत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, आणि या एका शहरात तुमच्या विषयाला लागणारे जवळजवळ सर्व फरक हाताच्या अंतरावर आहेत. कोकणातून पहिल्याच पिढीत आलेली कुटुंबे आणि चार पिढ्या गिरगावात काढलेली कुटुंबे येथे आहेत. मराठी माध्यमातून आणि इंग्रजी माध्यमातून शिकलेली भावंडे एकाच घरात सापडतात. हे फरक मोजता येतात, आणि देश, कायदे, चलन, विद्यापीठाची रचना हे सर्व समान राहते.

एक उदाहरण जरा विस्ताराने देतो. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. सुमारे १६० चौरस फुटांची खोली, लांब सामाईक मार्गिका, मजल्यावरचे सामाईक स्वच्छतागृह आणि दिवसभर उघडी राहणारी दारे अशी तेथली राहणी आहे. आता त्यांचा पुनर्विकास टप्प्याटप्प्याने होत आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. संशोधनाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते पाहा. कोणती इमारत आधी रिकामी होणार हे कुटुंबे स्वतः ठरवत नाहीत, त्यामुळे आधी हलवलेली आणि अजून जुन्या खोलीत असलेली कुटुंबे बऱ्याच बाबतींत एकमेकांसारखी असतात. चाळीतून स्वतःहून फ्लॅटमध्ये गेलेल्या कुटुंबांबद्दल असे म्हणता येत नाही, कारण ज्यांना शेजाऱ्यांपासून अंतर हवे होते तीच आधी गेली असण्याची शक्यता असते. आणि जेथे नव्या इमारतीतला घराचा क्रमांक सोडतीने ठरतो, तेथे जुने शेजारी मजल्यावर पुन्हा लाभणे किंवा न लाभणे हे योगायोगावर अवलंबून राहते. प्रयोगशाळेबाहेर सामाजिक मानसशास्त्रज्ञाला यापेक्षा चांगली संधी सहसा मिळत नाही.

या ठिकाणी ‘संस्कृती’ हा शब्दही न वापरता तिच्या आतली यंत्रणा, म्हणजे वागण्यातला फरक ज्यातून घडतो ती प्रक्रिया, मोजता येते. दिवसातून किती वेळा शेजारी विचारल्याशिवाय घरात येतात, घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते, शाळेतून आलेले मूल कोणाकडे थांबते, मुलीच्या कॉलेजप्रवेशाची चर्चा घराबाहेर कोणाशी झाली, हे सगळे प्रश्न सहज विचारता येतात आणि त्यांची उत्तरे मतांपेक्षा कितीतरी भरवशाची असतात. मग प्रश्न असा बनतो: इतरांच्या नजरेसमोर रोज जगण्याचे प्रमाण कमी झाल्यावर निर्णयात इतरांचा प्रभाव स्वीकारण्याची वृत्ती बदलते का, आणि बदलत असेल तर किती काळाने? हा प्रश्न मुंबईत विचारलेला असला तरी तो माणसाविषयी आहे, आणि टोकियोतल्या किंवा साओ पाउलोतल्या वाचकालाही त्याचे उत्तर हवे असेल. अर्थात नव्या घराबरोबर जागा वाढते, मालमत्तेची किंमत वाढते, काहींना दरम्यान भाड्याने दुसरीकडे राहावे लागते. हे परिणाम वेगळे काढण्याची तजवीज आराखड्यात करावी लागेल आणि ते सोपे नाही. पण ही अडचण नेमकी आणि मोजता येण्यासारखी आहे. ‘भारत आणि अमेरिका यांच्यात काय काय वेगळे आहे’ ही यादी मात्र कधीच संपत नाही.

मोजमापाच्या प्रश्नावर बहुतेक भारतीय निबंध अडतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. प्रश्नावली मराठीत आणून पुन्हा इंग्रजीत उलटवण्याची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली आणि ती आजही उपयोगी आहे, पण ती पुरेशी नाही. उलट भाषांतर तंतोतंत जुळते आणि तरीही विधान ऐकणाऱ्याला भलताच प्रसंग आठवतो, असे वारंवार घडते. ‘मी माझे निर्णय स्वतः घेते’ या विधानाला होकार देणारी सासरी राहणारी स्त्री भाजी कोणती करायची याचा विचार करत असेल, तर वसतिगृहातली मुलगी करिअरचा. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणीपूर्वी काही लोकांना एकेक विधान वाचून दाखवून ‘हे ऐकल्यावर तुमच्या मनात काय आले’ असे विचारणे, त्यांची उत्तरे नोंदवणे आणि त्याआधारे विधाने बदलणे, हा टप्पा वगळू नका. निबंधाच्या पद्धती-विभागात त्याला एक परिच्छेद द्या. समीक्षकाचा विश्वास तेथे बसतो. मूळ प्रश्नावली ज्यांची आहे त्यांची परवानगी आणि इंटरनॅशनल टेस्ट कमिशनची भाषांतर व रूपांतराविषयीची मार्गदर्शक तत्त्वे या दोन गोष्टीही आधीच पाहून घ्या.

त्यानंतर सांख्यिकीय कसोटी येते. दोन गटांत प्रश्नावलीची घटकरचना एकच आहे का, विधानांचे भार समान आहेत का, आणि मूळ पातळ्या समान आहेत का, अशा तीन पायऱ्यांनी मापनसमता, म्हणजे प्रश्नावली दोन्ही गटांत एकच गोष्ट एकाच मोजपट्टीने मोजते का, हे तपासतात. तिसरी पायरी ओलांडल्याशिवाय सरासऱ्यांची तुलना करता येत नाही. पायरीगणिक सीएफआय (गृहीत धरलेली रचना माहितीशी किती जुळते ते सांगणारा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरू नये, हा चुंग आणि रेन्सव्होल्ड यांनी २००२ मध्ये सुचवलेला निकष अजूनही सर्रास वापरला जातो. तुमच्या निबंधाच्या सारांशात या कसोटीचा उल्लेख नाही. बहुधा संपादकांनी प्रथम तेच शोधले असेल. कसोटी न जमणे ही लपवण्याची गोष्ट नाही. डेव्हिड श्मिट आणि युरी आलिक यांनी २००५ मध्ये ५३ देशांत रोझेनबर्ग यांची स्वाभिमानाची सुप्रसिद्ध प्रश्नावली वापरली, तेव्हा नकारात्मक शब्दांत लिहिलेली विधाने सर्वत्र एकाच अर्थाने घेतली जात नाहीत असे आढळले. तो निष्कर्ष त्या निबंधाचे वजन वाढवणाराच ठरला.

आणखी एक सापळा आहे. हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवल्याप्रमाणे, ‘मी कुटुंबाचे ऐकतो’ यासारख्या विधानावर गुण देताना माणूस स्वतःची तुलना आजूबाजूच्या लोकांशी करतो. मुंबईचा विद्यार्थी मुंबईच्या मित्रांशी आणि अमेरिकी विद्यार्थी तेथल्या मित्रांशी तुलना करतो, आणि त्यामुळे दोन समाजांतला खरा फरक आकड्यांत पुसला जातो किंवा उलटाही दिसतो. काही समाजांत ‘सहमत’ कडे झुकण्याची, काहींत टोकाची उत्तरे टाळण्याची सवयही असते. यावर उपाय एकच: केवळ मतांवर न थांबता ठोस प्रसंग, प्रत्यक्ष वर्तन किंवा घडलेल्या निर्णयांच्या नोंदी घ्या. शेवटचा मोठा निर्णय कोणता होता, त्याबद्दल कोणाशी बोललात, कोणाचा विरोध असूनही तो घेतलात का, अशा प्रश्नांवर शेजाऱ्यांशी तुलना करण्याची फारशी गरज पडत नाही.

मुंबईत प्रश्नावली कोणत्या भाषेत द्यायची हाही साधा व्यवस्थेचा प्रश्न नाही. घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी आणि ट्रेनमध्ये हिंदी बोलणारा विद्यार्थी इंग्रजी प्रश्नावलीला कॉलेजातला विद्यार्थी म्हणून उत्तर देतो आणि मराठी प्रश्नावलीला घरातला मुलगा म्हणून. भाषा यादृच्छिक पद्धतीने वाटून दिली आणि तिचा परिणाम वेगळा मोजला तर तोच एक स्वतंत्र निष्कर्ष ठरू शकतो. वस्तीत जाऊन मुलाखती घेत असाल, तर एकांताची सोय हा पद्धतीचाच भाग समजा. एका खोलीच्या घरात सासू, नवरा आणि शेजारीण ऐकत असताना मिळालेली उत्तरे कोणाची असतात याचा विचार करा आणि मुलाखत कोठे झाली, कोण उपस्थित होते हे निबंधात लिहा.

या सर्व गोष्टी येथे नव्याने शोधाव्या लागत नाहीत. दुखण्याचा अर्थ लोक स्वतः कसा लावतात हे त्यांच्याच शब्दांत नोंदवून मग ते मोजणारी, मिचेल वाइस, डी. आर. दूनगाजी आणि सहकाऱ्यांची मुलाखत-पद्धती १९९२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीत प्रसिद्ध झाली, आणि ती मुंबईतच कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्य यांवरील अभ्यासातून घडली होती. पुढे ती जगभर वापरली गेली. शुभांगी पारकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या मालवणी भागातल्या वस्तीत स्त्रिया आणि पुरुष यांना येणारा मानसिक ताण वेगवेगळ्या रीतीने कसा भोगावा लागतो, हे लोकांच्या कथनांतून मांडले. तो निबंध २००३ मध्ये आला. मुंबईच्या संशोधकांनी आपल्या शहरातले हे काम उद्धृत न करता केवळ मिशिगन आणि क्योटो येथल्या परदेशी संशोधनाचे हवाले द्यावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. भारतीय समीक्षकाला ते लगेच दिसते आणि परदेशी समीक्षकाला, तुम्ही दाखवून दिल्यास, त्याचे मोल कळते.

फरक सापडलाच पाहिजे असा आग्रहही सोडा. ‘मेनी लॅब्ज २’ या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकल्पात आधीच्या संशोधनातले २८ परिणाम ३६ देश व प्रदेशांत पुन्हा तपासले गेले, आणि परिणाम टिकतो की नाही हे नमुना कोठला यापेक्षा तो परिणाम कोणता यावर जास्त अवलंबून असल्याचे दिसले. संस्कृतीवर काम करणाऱ्यांना हा निष्कर्ष गैरसोयीचा वाटला तरी त्याकडे पाठ फिरवता येत नाही. म्हणून माहिती गोळा करण्याआधी गृहीतके, नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाची रीत ओपन सायन्स फ्रेमवर्कसारख्या संकेतस्थळावर नोंदवून ठेवा. काही नियतकालिके निष्कर्ष येण्यापूर्वीच आराखड्याचे समीक्षण करून निबंध स्वीकारण्याची हमी देतात. ज्यांना पुनर्विकासासारखी एकदाच येणारी संधी अभ्यासायची आहे त्यांच्यासाठी ही वाट विशेष उपयोगाची आहे, कारण आराखड्यातली चूक माहिती गोळा होण्याआधीच लक्षात येते.

नियतकालिक निवडण्याबाबत थोडक्यात लिहितो. १९७० पासून निघणारे जर्नल ऑफ क्रॉस-कल्चरल सायकॉलॉजी हे तुलनात्मक कामाचे मुख्य व्यासपीठ आहे आणि तेथे मापनसमतेविना तुलना पाठवणे व्यर्थ आहे. १९९५ मध्ये सुरू झालेले कल्चर अँड सायकॉलॉजी अर्थ, कथन आणि सिद्धांत यांकडे झुकते. तुमचे काम मुलाखतींवर आधारित असेल तर ते पाहा. एशियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजीला आशियाई समाजांतून आलेले सिद्धांत हवे असतात. दुर्गानंद सिन्हा यांनी १९८९ मध्ये सुरू केलेले सायकॉलॉजी अँड डेव्हलपिंग सोसायटीज हे आपल्याच प्रश्नांसाठी निर्माण झालेले नियतकालिक आहे. प्रवेशप्रक्रियेतल्या गुणांसाठी ‘आंतरराष्ट्रीय’ शब्दाच्या मागे लागून अनेक विद्यार्थी त्याकडे दुर्लक्ष करतात, ते मला योग्य वाटत नाही. पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे गेल्या दोन वर्षांतले अंक चाळा आणि तेथल्या चर्चेत तुमचे काम कोठे बसते ते कव्हर लेटरमध्ये दोन वाक्यांत सांगा.

पैसे भरल्यावर आठवड्यात स्वीकृतीचे पत्र देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी. प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली आणि २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादीही बंद केली, त्यामुळे नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि तुमच्या गाइडवर आहे. संपादक मंडळातल्या लोकांची नावे त्यांच्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर पडताळून पाहणे आणि प्रसिद्ध झालेले चार निबंध नीट वाचणे, एवढ्याने बहुतेक फसवणूक लक्षात येते. चांगल्या पण वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांत लेखकाला सहसा शुल्क पडत नाही. मुक्त प्रवेशाचे, म्हणजे निबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावा यासाठीचे, शुल्क सहसा डॉलरमध्ये असते आणि ते स्वतःच्या शिष्यवृत्तीतून भरू नका. सवलत मागता येते, ती मागावी. वाचनाची अडचण मात्र पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, कारण १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. तुमची संस्था त्यात असेल तर ग्रंथपालांकडे चौकशी करा.

परदेशी सहकाऱ्याबरोबर काम करताना दोन गोष्टी आधीच लेखी ठरवा: माहितीवर हक्क कोणाचा आणि लेखकांचा क्रम कोणता. प्रश्न तेथे ठरतात, माहिती येथे गोळा होते आणि येथल्या संशोधकाचे नाव आभारप्रदर्शनात जाते, हा प्रकार अजूनही चालतो. आराखडा, भाषांतर आणि अर्थनिर्णय यांत तुमचा वाटा असेल, तर लेखकपद हा तुमचा अधिकार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आरोग्याशी संबंधित सामाजिक व वर्तनविषयक संशोधनालाही लागू होतात. आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय सहकार्य असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरी लागते आणि त्यात महिने जातात. माहिती सर्वांसाठी खुली ठेवण्याची अट अनेक नियतकालिके घालतात. परंतु एका चाळीतली, एका जातीतली, अमुक वयाची, अमुक नोकरी करणारी व्यक्ती एवढ्या तपशिलावरून शेजारी तिला सहज ओळखतो, हे परदेशातल्या संपादकाला ठाऊक नसते. वय गटांत द्या, इमारतीचे नाव काढा, आणि संमतिपत्रात ही माहिती इतर संशोधकांनाही दिली जाईल हे स्पष्ट मराठीत लिहा.

समीक्षकांकडून एक ठरावीक सूचना येईल: ‘पाश्चात्त्य नमुना जोडावा.’ मुंबईतल्या मुंबईतच तुलना असलेल्या निबंधावरही ती येते. नम्रपणे आणि कारण देऊन ती नाकारता येते. तुमचा प्रश्न यंत्रणेचा आहे, यंत्रणा शहराच्या आतल्या फरकातून तपासली आहे, दुसरा देश जोडल्याने अनियंत्रित फरक वाढतील आणि निष्कर्ष दुबळा होईल, असे उत्तर द्या. त्याबरोबर निष्कर्ष कोणाला लागू होतात आणि कोणाला लागू होतील असे वाटत नाही, याचा एक परिच्छेद चर्चेत घाला. डॅनिएल सायमन्स, युइची शोदा आणि स्टीफन लिंडसे यांनी २०१७ मध्ये प्रत्येक निबंधात असे विधान असावे असा प्रस्ताव मांडला आहे. त्याचा हवाला देता येईल. समंजस संपादक हे मान्य करतात, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या हातात आज जी माहिती आहे ती टाकून देऊ नका. प्रथम दोन्ही गटांत मापनसमता तपासा. ती सिद्ध झाली नाही, तर देशांची तुलना सोडून द्या आणि कोणती विधाने अडली ते नोंदवून ठेवा. मुंबईच्या विद्यार्थ्यांकडून कुटुंबाचा प्रकार, घरातली माणसे आणि खोल्या, शाळेचे माध्यम, प्रवासाचा वेळ यांपैकी काही विचारले असेल तर त्या आधारे मुंबईच्याच नमुन्यात फरक पडतो का ते पाहा. ते विचारलेच नसेल, तर त्याच महाविद्यालयांत परवानगी घेऊन दुसरी, छोटी पण नीट नोंदणी केलेली पाहणी करा आणि तिच्यात शेवटच्या मोठ्या निर्णयाचा ठोस प्रसंग विचारा. त्याला दहा-पंधरा सखोल मुलाखतींची जोड द्या. मापनसमता सिद्ध झाली असेल, तर अमेरिकेशी तुलना निबंधात पहिल्या, प्राथमिक अभ्यासाच्या जागी राहील आणि मुंबईचा दुसरा अभ्यास मुख्य होईल. शीर्षकात आधी प्रक्रियेचे नाव लिहा, मग ठिकाणाचे. अशा रूपातला निबंध प्रथम एशियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजीकडे पाठवावा, असे मी सुचवीन. पहिल्या संपादकांकडे तोच निबंध पुन्हा पाठवायचा असेल तर आधी एक लहान पत्र लिहून बदल सांगा आणि ते नवा निबंध म्हणून पाहतील का, हे विचारा.